अष्टागरात आपलं स्वागत

आदरणीय संमेलनाध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, दूरदूरहून आलेले प्राणिवर्तनाचे अभ्यासक आणि माझ्या अष्टागरातील बंधुभगिनींनो,

स्वागत समितीच्या वतीने आपणा सर्वांचं अलिबागेत मनःपूर्वक स्वागत. भर पावसात येताना आपल्याला त्रास झाला असेल, पण आपल्या विषयाला हेच दिवस योग्य. सध्या सुगरण पक्ष्यांचा विणीचा हंगाम आहे, आणि किहीम इथून जवळच आहे.

१९३० साली सालिम अली बर्लिनला एर्विन स्ट्रेसेमान यांच्याकडे शिकून परतले, तेव्हा मुंबईच्या म्युझियममधली त्यांची नोकरी पैशांअभावी राहिली नव्हती. ते किहीमला येऊन राहिले आणि पावसाळाभर सुगरणींची वसाहत पाहत बसले. नर भाताच्या, गवताच्या पात्यांच्या बारीक पट्ट्या फाडून घरटं विणतो. ते अर्धं झालं की त्याला लोंबकळून पंख फडफडवत माद्यांना साद घालतो. मादी आत शिरून पारखते. पसंत पडलं तर जोडी जमते, नर अंड्यांची जागा आणि लांब नळी पुरी करतो आणि पुढचं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. नापसंत घरटी अर्धवटच राहतात. हा सगळा क्रम सालिम अलींनी इथे उलगडला, याचा आम्हा अष्टागरकरांना फार अभिमान आहे.

या नराला बेइमान म्हणण्याचा मोह होतो. तो टाळायला निको टिनबर्गेन यांनी १९६३ मध्ये मांडलेले चार प्रश्न फार उपयोगी पडतात. पाऊस आला की नराला विणायला कोण लावतं? विणणं उपजत किती, सरावाचं किती? त्यातून पिढी वाढायला मदत काय होते? आणि पूर्वजांपासून ही रीत कशी घडत आली? पिलांचा बराचसा भार मादी एकटी पेलू शकते, म्हणून नराचा वेळ नव्या घरट्यात कारणी लागतो. मादी निवडते तेव्हाही विणकामापेक्षा घरट्याची जागा तिला अधिक महत्त्वाची असते, असं पुढच्या संशोधनात दिसलं.

जागेचा हा मुद्दा मला यजमान म्हणून आग्रहाने मांडायचा आहे. आमच्याकडे भातखाचरं विकली जात आहेत, तिथे बंगल्यांचे प्लॉट पडत आहेत. पातं नाही, झाड नाही, तर नर विणणार कशाने आणि कुठे? आपल्या चर्चेत आमचे शेतकरी आणि शाळकरी मुलंही बसणार आहेत. बांधावरून रोज पाहणाऱ्या या माणसांना प्रश्न विचारा, आणि वसाहतींच्या झाडांची गाववार नोंद सुरू करण्याचा ठराव इथे करा, अशी माझी विनंती आहे.

उद्या सकाळी सहाला किहीमकडे गाड्या निघतील. छत्री आणि दुर्बीण बरोबर ठेवावी. पुन्हा एकदा सर्वांचं स्वागत.