'नटसम्राट'मधली कावेरी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला बोलायला सांगितले तेव्हा मी म्हटले, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, मी काय बोलणार? पण विषय 'नटसम्राट' आहे म्हणताच धीर आला. आपल्या झाडीपट्टीत नाटक कसे पाहावे हे कोणाला शिकवावे लागत नाही. दिवाळी आटोपली की गावोगाव मंडई भरते, आणि वडशाच्या कंपन्यांची नाटके रात्री सुरू होतात ती पहाटेपर्यंत चालतात. थंडीत चादरी गुंडाळून, मुले मांडीवर निजवून आपण ती पाहिली आहेत.

वि. वा. शिरवाडकरांचे हे नाटक १९७० साली रंगभूमीवर आले. ते बसवले होते आपल्या नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांनी. डॉ. श्रीराम लागू गणपतराव बेलवलकर झाले होते आणि शांता जोग कावेरी. पुढे महेश मांजरेकरांनी त्याचा चित्रपट केला. तो १ जानेवारी २०१६ ला लागला. त्यात नाना पाटेकर आणि मेधा मांजरेकर आहेत.

गोष्ट आपणां सर्वांना ठाऊकच आहे. म्हातारा नट जे होते नव्हते ते मुलाला आणि मुलीला देऊन टाकतो, आणि मग दोन्ही घरी नकोसा होतो. सिनेमागृहात सगळे आप्पांसाठी रडतात. मीही रडले. पण माझे डोळे पुन्हा पुन्हा जात होते ते कावेरीकडे.

शिरवाडकरांपुढे शेक्सपियरचा 'किंग लिअर' होता. तो राजा मुलींना राज्य वाटतो; पण त्या नाटकात राणी रंगमंचावर येतच नाही. आपल्या मराठी लेखकाने मात्र आप्पांच्या शेजारी बायको उभी केली. मला हे फार मोठे वाटते. देणारे हात आप्पांचे, पण त्या देण्याबरोबर कावेरीचेही छप्पर गेले. रंगमंचावर जो बोलतो त्याच्याकडेच आपले लक्ष जाते, आणि आप्पा तर बोलण्यात सम्राटच! पडद्यावर मात्र गप्प बाईचा चेहराही हातभर अंतरावर येतो. ती सगळे समजून आहे हे दिसते. सिनेमात रामभाऊ या मित्राला, म्हणजे विक्रम गोखले यांना, मोठी जागा दिली आहे. मला तो भाग लांबल्यासारखा वाटला. आमच्या घरच्यांना नेमका तोच आवडला.

आणखी एक. बाहेर पडताना बायका सुनेला नावे ठेवत होत्या. पण चोरीचा आळ येतो तो पोटच्या मुलीच्या घरी! सूनच वाईट असते असे शिरवाडकरांनी कुठे लिहिले आहे?

मी स्वतः सून आहे म्हणून बोलते. आमच्या सासूबाई दोन वर्षांपासून राहते घर दोघा मुलांच्या नावे करून द्यायचे म्हणतात. घर आले तर मला नको आहे असे नाही. तरी मी त्यांना म्हटले, "आई, तुम्ही आहात तोवर नाव तुमचेच राहू द्या." घरात दोन दिवस अबोला होता. सासूबाई अजून विचारच करीत आहेत.

२००७ साली आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्यासाठी कायदा झाला. साठ वर्षांवरच्या माणसाने सांभाळ करण्याच्या अटीवर घर किंवा शेत दिले आणि घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर न्यायाधिकरणाकडे अर्ज करून ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येते. मात्र ती अट कागदातच लिहिलेली हवी. तोंडी बोलण्यावर विसंबू नये. आप्पांनी कसलाच कागद मागितला नव्हता.

ज्यांच्या घरी असा कागद व्हायचा असेल त्यांनी सही किंवा अंगठा करण्याआधी तो मंडळात आणावा. आपल्यातल्या शिकलेल्या मुली वाचून दाखवतील.