नियम करणारीला नियम आधी
(मासिक सभेतील भाषण)



आज इंग्लंडची एक गोष्ट सांगते. कोरोनात तिथंही सरकारनं कडक नियम केले होते. दुसऱ्याच्या घरी जमायचं नाही, अंत्यविधीला मोजकीच माणसं. लोकांनी ते पाळले. कित्येकांना आपल्या माणसाचं शेवटचं तोंडही बघता आलं नाही. एप्रिल २०२१ मध्ये नवऱ्याच्या अंत्यविधीला राणी एलिझाबेथ मास्क लावून एकटी बसली होती. आणि आदल्याच रात्री पंतप्रधानांच्या कार्यालयात कर्मचाऱ्यांच्या पार्ट्या झाल्या होत्या!

हे बाहेर आल्यावर लोक भयंकर चिडले. पोलिसांनी १२६ दंड केले. जून २०२० मध्ये वाढदिवसाला माणसं जमवली म्हणून खुद्द पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनाही दंड झाला. आधी मात्र ते संसदेत सांगत होते, नियम पाळलेच होते म्हणून!

राग केकचा नव्हता बायांनो. "आम्ही पाळलं ते काय येडे म्हणून?" हा होता.

आता आपल्या गटात बघा. साध्या सदस्याला उशीर झाला की दंड. अध्यक्षाताईंना झाला तर "त्या कामात होत्या". तिचा हप्ता थकला की चर्चा, सचिवाचा थकला की गप्प. अशानं बाकीच्याही हप्ता टाळतात, अन् गट मोडतो.

म्हणून पुढच्या बैठकीत अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष यांची बचत अन् परतफेड सगळ्यात आधी मोठ्यानं वाचा. कुणाचं थकलं असेल तर विचारा. हिशेब विचारणं म्हणजे भांडण नव्हे, तो आपला हक्क आहे.