घराट : वाहत्या पाण्याचे अर्थकारण

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



तंत्रज्ञान आणि विकास यांचा परस्परसंबंध हा आपल्या अभ्यासक्रमातील नेहमीचा विषय आहे. नवे तंत्र आले की उत्पादकता वाढते आणि जुने तंत्र मागे पडते, असे एक सोपे सूत्र आपण पाठ केलेले असते. हे सूत्र चुकीचे नाही. परंतु अपुरे आहे. एखादे यंत्र टिकते की नाही आणि टिकल्यास त्याचा लाभ कोणाच्या पदरी पडतो, हे पुष्कळदा यंत्राच्या रचनेपेक्षा त्याभोवतीच्या हक्कांवर आणि संस्थांवर अवलंबून असते. पाण्यावर चालणाऱ्या पिठाच्या चक्कीच्या उदाहरणाने हा मुद्दा मी आज आपल्यासमोर मांडणार आहे.

एका घराटाची भेट

उत्तराखंडात पाणचक्कीला घराट किंवा घट म्हणतात. टिहरी भागातील एका लहान ओढ्याकाठी असे एक जुने घराट मी पाहिले. दगडमातीची एक बुटकी खोली. ओढ्याचे पाणी वरच्या अंगाला वळवून एका छोट्या पाटाने आणलेले. तेथून पोखरलेल्या लाकडाच्या उतरत्या पन्हाळीतून ते वेगाने खाली येते आणि खोलीच्या तळाशी आडव्या बसवलेल्या लाकडी चाकाच्या पात्यांवर आदळते. चाकाचा उभा आस थेट वरच्या खोलीत जातो व जात्याची वरची तळी फिरवतो. मध्ये दातेरी चक्रे नाहीत, पट्टे नाहीत. वर टांगलेल्या टोपलीतून धान्य पडत राहते. टोपलीला जोडलेली काठी फिरत्या दगडावर टेकलेली असते आणि तिच्या थरथरण्याने वैरण आपोआप पडते. दगडाचा वेग वाढला की धान्यही अधिक पडते. नियंत्रणाची ही युक्ती कोणत्याही अभियंत्याने दाद द्यावी अशी आहे.

हे घराट त्या कुटुंबाकडे चार पिढ्यांपासून आहे. तासाला आठ-दहा किलो दळण होते. मोबदला रोख मागितला जात नाही. दळणातलाच ठरावीक हिस्सा घराटवाला ठेवून घेतो. दगड सावकाश फिरत असल्याने पीठ तापत नाही, म्हणून मंडुवा, म्हणजे आपली नाचणी, आजही काही घरे येथेच दळून घेतात. मात्र गिऱ्हाइके घटली आहेत आणि वरच्या अंगाला पाणी नळयोजनेसाठी वळवल्यापासून उन्हाळ्याचे दोन महिने चाक बंदच असते, असे मालकाने सांगितले. या पाण्यावर आपला हक्क किती, हे आपल्याला कोणी कधी सांगितलेले नाही, हे त्याचे वाक्य माझ्या दृष्टीने त्या भेटीतील सर्वांत महत्त्वाचे होते.

शक्तीचा हिशेब

प्रथम तांत्रिक बाजू पाहू. पाण्याची शक्ती किलोवॅटमध्ये काढावयाची असल्यास दर सेकंदाचा प्रवाह घनमीटरमध्ये, पाण्याची उंची मीटरमध्ये आणि ९.८१ यांचा गुणाकार करावा. समजा, सेकंदाला ६० लिटर पाणी ४ मीटर उंचीवरून येते. उपलब्ध शक्ती सुमारे २.३५ किलोवॅट झाली. लाकडी चाक त्यातील पाव हिस्सा वापरत असेल, तर हाती अर्ध्या किलोवॅटहून थोडी अधिक शक्ती उरते. वाटीच्या आकाराची धातूची पाती आणि चेंडूफळीचा आस, म्हणजे बॉल बेअरिंग, बसवून कार्यक्षमता निम्म्यापर्यंत नेल्यास तेच पाणी सुमारे १.२ किलोवॅट देते. इंधनाचा खर्च दोन्ही वेळा शून्यच राहतो.

शिवाय दळण दिवसा होते. पाणी रात्रीही वाहते. रात्री त्याच चाकावर लहान जनित्र चालवून एक किलोवॅट वीज मिळाली, तर ९ वॅटचे शंभर दिवे लागू शकतात. स्थिर भांडवलाचा अधिक तास वापर झाला की प्रत्येक एककावरील खर्च उतरतो, हे तत्त्व आपण पुस्तकात वाचता. घराटात ते प्रत्यक्ष दिसते.

तीन व्यवस्था

आता संस्थात्मक बाजू. पाणचक्कीचे तंत्र फार जुने आहे. रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियस याने इसवी सनपूर्व पहिल्या शतकातच तिचे वर्णन केले होते. तथापि युरोपात तिचा व्यापक प्रसार मध्ययुगात झाला. इंग्लंडमधील १०८६ च्या डूम्सडे नोंदीत पाच हजारांहून अधिक चक्क्या आढळतात. फ्रेंच इतिहासकार मार्क ब्लॉक यांनी १९३५ मधील आपल्या निबंधात या प्रसाराची सांगड सरंजामदारांच्या हक्कांशी घातली. रयतेने मालकाच्याच चक्कीवर दळावे आणि त्याचा मोबदला द्यावा, अशी सक्ती अनेक ठिकाणी होती. सेंट अल्बान्स येथील मठाधिपतीने चौदाव्या शतकात लोकांची घरगुती जाती जप्त करून ती आपल्या मठात फरशीसारखी बसवली. १३८१ च्या शेतकरी उठावात लोकांनी ती उखडून काढली. श्रम वाचवणारे यंत्रही सक्तीचे झाले की जाचक ठरते.

दुसरी व्यवस्था महाराष्ट्रात दिसते. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबाद येथील पाणचक्की बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याशी संलग्न होती. दूरच्या झऱ्याचे पाणी नळांवाटे आणून ती चालवली जाई आणि तिचे पीठ फकीर व यात्रेकरू यांच्या अन्नासाठी वापरले जाई. येथे मालकी धर्मादायाची आणि लाभ वाटसरूंचा होता.

तिसरी व्यवस्था हिमालयाची. तेथे चक्की कुटुंबाची, पाणी गावाच्या रूढीनुसार आणि मोबदला धान्याचा. यंत्राचे तत्त्व तिन्ही ठिकाणी एकच. फलित मात्र तीन प्रकारचे. हाच आजच्या विषयाचा गाभा आहे.

ऱ्हासाची कारणे

मग घराटे मागे का पडली? डिझेलची व विजेची चक्की वेगवान असते आणि ती रस्त्यालगत उभारता येते, हे पहिले कारण. परंतु या स्पर्धेत किंमतही तटस्थ नव्हती. ऑक्टोबर २०१४ मध्ये नियंत्रण उठेपर्यंत डिझेलची किंमत बराच काळ अनुदानामुळे कमी राहिली. ओढ्याच्या पाट-बांधाला तशी मदत नव्हती. दुसरे कारण लोकसंख्येचे. २००१ ते २०११ या दशकात पौडी गढवाल आणि अल्मोडा या जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. गावच ओस पडले, तर दळण कोणाचे? तिसरे कारण पाण्याचे. हिमालयातील झरे आटत असल्याची गंभीर दखल नीति आयोगाच्या २०१८ च्या अहवालाने घेतली आहे.

चौथे कारण कायद्याचे आहे आणि ते सहसा दुर्लक्षित राहते. कुमाऊँ व गढवाल यांच्यासाठी १९७५ मध्ये झालेल्या जलविषयक कायद्याने पाण्यावरील व्यक्तींचे व ग्रामसमूहांचे रूढ हक्क संपुष्टात आणून नियंत्रण शासनाकडे दिले. पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम हवा, याविषयी दुमत नाही. परंतु ज्याच्या पाण्याला हमी नाही, तो आपल्या यंत्रात भांडवल कशासाठी घालील?

धोरणाची दिशा

हिमालयात पाणचक्कीयोग्य दीड लाखांहून अधिक जागा असाव्यात, असा केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचा अंदाज आहे. या मंत्रालयाने लघु जलविद्युत कार्यक्रमात पाणचक्क्यांच्या सुधारणेसाठी अर्थसाहाय्य दिले. डॉ. अनिल जोशी यांच्या हेस्को या संस्थेने उत्तराखंडात घराटवाल्यांना संघटित करून सुधारित चक्क्यांचा प्रसार केला. हे प्रयत्न मोलाचे आहेत. त्यांना तीन गोष्टींची जोड मिळावी असे मला वाटते : घराटांची नोंदणी व किमान प्रवाहाची हमी, झऱ्यांच्या पाणलोटाचे संवर्धन, आणि मंडुव्यासारख्या भरडधान्यांच्या पिठाला बाजारपेठ. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. त्यातून निर्माण झालेली मागणी घराटापर्यंत पोचली पाहिजे.

यात स्त्रियांच्या श्रमाचा प्रश्नही आहे. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांत दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, तर अशी कामे करणारे पुरुष ८८ मिनिटे. पहाटे उठून जात्यावर दळणे हे एकेकाळी या श्रमांतील सर्वांत कष्टाचे काम होते आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात ते दिसत नव्हते. जवळची चक्की बंद पडली आणि दळणाचे ओझे घेऊन डोंगर उतरावा लागला, तर वाचलेला वेळ पुन्हा खर्ची पडतो. तोही कोणत्याच हिशेबात येत नाही.

प्रत्येक घराट वाचवावे, असे माझे म्हणणे नाही. जेथे पाणी उरलेले नाही किंवा वीज खात्रीने व स्वस्तात मिळते, तेथे जुने चाक थांबणे स्वाभाविक आहे. परंतु ते अकार्यक्षमतेमुळे थांबले की हक्क हिरावल्यामुळे, याची चौकशी आवश्यक आहे. आपल्यापैकी काही जण उद्या डोंगरी जिल्ह्यांत प्रशासक म्हणून जातील. एखाद्या ओढ्यावर योजना आखताना त्या पाण्यावर आधीपासून काय चालते आहे, एवढा एक प्रश्न नस्तीत नोंदवून त्याचे उत्तर मिळवावे, ही माझी आपणास विनंती आहे.