दयेकडून हक्काकडे : समाजकल्याणाची शासकीय सेवा



पुढे काय व्हावे, हा प्रश्न तुमच्यापुढे उभा आहे. वैद्यक, अभियांत्रिकी या वाटा तुम्हांस ठाऊक आहेत. वृद्ध, निराधार, दिव्यांग आणि संकटग्रस्त बालके यांच्यासाठी असलेल्या शासकीय सेवेची वाट मात्र सहसा कोणी दाखवीत नाही. तिच्याविषयी आज बोलणार आहे.

गोमंतकात या कार्याची परंपरा जुनी आहे. सोळाव्या शतकात येथे 'सांता काझा द मिझेरिकॉर्दिया' ही संस्था उभी राहिली. नावाचा अर्थच 'दयेचे पवित्र घर'. पोर्तुगीज राजवटीतील प्रोव्हेदोरिया आजही राज्यात वृद्धाश्रम चालविते. दया थोर खरीच. पण ती देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या ४१ व्या कलमाने वार्धक्य, आजारपण व अपंगत्व यांत सार्वजनिक साहाय्याचा हक्क मिळवून देण्याची जबाबदारी, आर्थिक कुवतीच्या मर्यादेत, राज्यावर सोपविली. हे मार्गदर्शक तत्त्व कायदे आणि योजना यांच्याद्वारेच प्रत्यक्षात उतरते. पेडण्याचे सुपुत्र व गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्या नावाने २ ऑक्टोबर २००१ रोजी सुरू झालेली सामाजिक सुरक्षा योजना हे त्याचे जवळचे उदाहरण.

परंतु योजना स्वतःहून कोणाच्या दारी जात नाही. पेडणे तालुक्यातील एखाद्या एकाकी वृद्धेची कल्पना करा. वयाचा, रहिवासाचा, उत्पन्नाचा असे दाखले तिने जुळवायचे. मदत मंजूर झाल्यावरही हयातीचा दाखला द्यायचा. अर्ज अपुरा म्हणून परत करणारा कर्मचारी नियम मोडीत नाही. पण काय अपुरे आहे, ते कोठे मिळेल, हे तिला तिच्या बोलीत समजावणारा कर्मचारीच तिचा हक्क तिच्या पदरी घालतो. या दोघांतील अंतर कोणत्याही नियमपुस्तकात लिहिलेले नसते.

अशा सेवेत अनेक पदे आहेत. अंगणवाडी सेविका, तिच्या कामावर देखरेख करणारी मुख्य सेविका आणि बालविकास प्रकल्प अधिकारी ही एक साखळी. कायद्याच्या कचाट्यात सापडलेल्या मुलाच्या घरची परिस्थिती तपासून परिविक्षा अधिकारी बाल न्याय मंडळास अहवाल देतो. त्या चार पानांवर एका मुलाचे पुढील आयुष्य ठरू शकते. २००५ च्या कायद्यान्वये घरगुती हिंसाचाराने पीडित स्त्रीला न्यायालयापर्यंत नेण्याचे काम संरक्षण अधिकाऱ्याचे. अधिकारीपदांसाठी समाजकार्याची पदवी उपयोगी पडते. १९३६ साली मुंबईत स्थापन झालेली, आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था आणि पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था येथे असे शिक्षण मिळते.

या नोकरीत वैभव नाही, हे स्पष्टच सांगतो. काम अपुऱ्या मनुष्यबळावर चालते, वरून दडपण येते, आणि रोज इतरांचे दुःख ऐकून मन बोथट होण्याचा धोका असतो. तो बोथटपणा हाच या सेवेचा खरा शत्रू.

दुर्बल म्हणजे कोणी दुसरे, असेही मानू नका. २०१२ साली खाणकाम थांबले, तेव्हा डिचोली तालुक्यातील कमावत्या घरांवरही आपत्ती कोसळली. वार्धक्य तर कोणासच चुकलेले नाही. तुमच्यापैकी दोघांतिघांनी जरी ही वाट धरली, तरी टेबलापलीकडे उभ्या असलेल्या माणसाला बसायला खुर्ची मिळेल.