सोन्याच्या खाणीची गाडी

कर्नाटकांत बंगारपेठ स्टेशनापासून मारिकुप्पमपर्यंत रेल्वेचा एक फांटा जातो. लांबी अवघी दहा मैल. नकाशावर तो बोटाच्या नखाखालीं झांकून जाईल. परंतु कोलारच्या सोन्याच्या खाणी ह्याच फांट्यावर आहेत, आणि सुमारें १२० वर्षांत तेथून ८०० टनांहून अधिक सोनें निघालें. कर्जतहून पुणें, पुण्याहून बंगळूर आणि तेथून बंगारपेठ असा प्रवास करून गेल्या हिवाळ्यांत मी तें गांव पाहून आलों.

तेथील सोनें गोऱ्या साहेबांनीं शोधून काढलें असें सांगण्याचा प्रघात आहे. वस्तुतः आसपासचे खेडूत पूर्वींपासून माती धुऊन सोन्याचे कण वेंचीत असत. १८०२ सालीं वॉरन नांवाच्या लष्करी अंमलदारानें तें पाहिलें व पुढें त्याविषयीं लिहिलें, इतकेंच. न्यूझीलंडच्या लढाईहून परतलेल्या लॅव्हेल नांवाच्या आयरिश शिपायाच्या वाचनांत तो लेख आला आणि त्यानें १८७५ सालीं खाणीचा परवाना मिळविला. १८८० पासून जॉन टेलर आणि सन्स ही विलायती कंपनी पुढें आली. मग त्या उजाड माळावर बंगले, क्लब आणि चर्च उभीं राहिलीं. मजुरांच्या वाट्याला एकमेकींस चिकटलेल्या खोल्यांच्या चाळी आल्या.

एक गोष्ट आपणां कर्जत-खालापूरकरांस विशेष जवळची वाटेल. कावेरीच्या शिवसमुद्रम् धबधब्यावर १९०२ सालीं वीज निर्माण झाली, ती ९२ मैलांच्या तारांवरून प्रथम ह्या खाणींकडे धांवली. बंगळूरच्या रस्त्यांवर दिवे लागले ते १९०५ सालीं! आपल्या खोपोलीची वीज १९१५ सालीं आणि भिवपुरीची १९२२ सालीं सुरू झाली, ती मुंबईच्या गिरण्या चालविण्यासाठीं. त्या बहुतेक गिरण्यांचे भोंगेही आतां थांबले आहेत.

खाणीची खोली आंकड्यांनीं सांगून कळत नाहीं. आपलें माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारें ८०० मीटर उंच आहे. असे चार डोंगर एकावर एक ठेवून जमिनींत उलटे खुपसावे, म्हणजे चँपियन रीफ खाणीचा तळ येईल. तेथील खडक साठ अंशांहून अधिक तापलेला. वरून गार हवा सोडावी तेव्हां कोठें माणसास काम करतां येई. वरच्या दाबामुळें कधीं कधीं खडक तोफेसारखा फुटे आणि त्यांत माणसें दगावत. ह्याच अंधारांत १९६५ सालीं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं जपानी व इंग्रज सहकाऱ्यांसह न्यूट्रिनो नांवाच्या अतिसूक्ष्म कणांचा माग काढला. पृथ्वीच्या पोटांत उतरून आकाशाची वार्ता मिळवावी, ही मला तरी सोन्याहून मोठी मिळकत वाटते.

२८ फेब्रुवारी २००१ रोजीं खाणी बंद झाल्या. सोनें सरलें म्हणून नव्हे, तर तें वर काढण्याचा खर्च त्याच्या किंमतीस झेपेना म्हणून. आज तेथें गंजलेले मनोरे आहेत आणि दळलेल्या दगडाच्या राखाडी टेकड्या आहेत. वारा सुटला कीं ती धूळ घरांत येते.

उरगाम स्टेशनावर संध्याकाळीं एक वृद्ध खाणकामगार बांकावर बसलेला भेटला. मोडक्यातोडक्या हिंदींत आमचें बोलणें झालें. पाळण्यांतून खालीं उतरतांना कान कसे बंद होत, तें त्यानें हातांनीं करून दाखविलें. मग म्हणाला, "मास्तर, मी दोन मैल खालीं जात असें, पण पोरें जागीं असतांना घरीं येत असें. मुलगा रोज बंगळूरला जातो. तो निघतो तेव्हां त्याचीं पोरें झोंपलेलीं, परततो तेव्हांही झोंपलेलीं."

मला कर्जतच्या फलाटावरील पहांटेची लोकल आठवली. तिच्यासाठीं धांवणारे कितीतरी तरुण माझे विद्यार्थी आहेत. त्यांना वेळेवर येण्याची शिस्त मींच लावली. आपल्या गांवीं खाण नव्हती आणि ती बंदही पडली नाहीं. तरी पहांटेची गाडी दोन्हीकडे सारखीच.

"मग मुलगा खाणींत गेला असता तर बरें झालें असतें का?" मीं विचारलें. म्हातारा बराच वेळ खोकला. "नाहीं," तो म्हणाला, "ती धूळ माझ्या छातींत आहे, तेवढी पुरे. पण गांवांत कांहींतरी काम असावें."

गाडी आली तेव्हां अंधार पडला होता. डब्यांतून माणसांचा लोंढा उतरला. त्यांतून एक तिशीचा गृहस्थ पुढें आला. म्हाताऱ्यानें त्याच्या हातांतला रिकामा जेवणाचा डबा घेतला, आणि दोघे रूळ ओलांडून चाळींकडे चालूं लागले.