हवेला बाहेरची वाट

नागपूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग आपल्या वर्धा जिल्ह्यात हिंगणघाट सोडल्यावर वडनेरवरून पुढे जातो. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला, की या रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली एखादी गाडी दिसतेच. आत कापूस असला तर उशिरावर भागते. पण सेवाग्रामच्या इस्पितळात न्यायचा रोगी असला तर? पाणी आहे, तेल आहे, मग इंजिन तापले का? पुष्कळदा कारण असे, की हवा नीट खेळत नाही.

घरचा कूलरच घ्या ना. दारे-खिडक्या लावून तो चालवला, तर घटकाभरात घुसमट होते. समोरची खिडकी उघडा, गारवा येतो. इंजिनाच्या कोठडीचेही तसेच आहे.

त्यातून टर्बोचे इंजिन अधिक तापट. याचे पेटंट १९०५ साली स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी या अभियंत्याने घेतले. वाया जाणाऱ्या तप्त धुराने एक चक्र फिरवायचे, आणि त्याच आसावरच्या दुसऱ्या चक्राने इंजिनात हवा दाबून भरायची. ताकद वाढते खरी. पण दाबलेली हवा तापते. सायकलचा पंप मारताना हाताला चटका लागतो, तोच हा प्रकार. ही हवा निववायला इंटरकूलर असतो.

वाऱ्याला मात्र सोपी वाट आवडते. पाटाला भगदाड पडले की पाणी वाफ्यापर्यंत पोचत नाही. तसेच बाजूला फट मिळाली की वारा जाळीतून जातच नाही. म्हणून जाळीभोवतीचे आवरण बिनकामाचे समजून काढू नये.

आता बॉनेटवरच्या झरोक्यांचे. गाडी धावताना बॉनेटच्या पुढच्या भागावरून वारा वेगाने वळतो, तेथे दाब कमी होतो. तेथला झरोका आतली गरम हवा ओढून घेतो. काचेच्या पायथ्याशी वारा अडतो, दाब वाढतो. तेथे भोक पाडले तर उलट बाहेरचीच हवा आत घुसते. नाशिकच्या स्कॉर्पिओच्या काही नमुन्यांत बॉनेटवर तोंड असते, ते इंटरकूलरला हवा देण्यासाठी. दिसायला सारखे, काम उलटे! तेव्हा हौसेखातर पत्रा कापण्यापूर्वी विचार करावा.

शिक्षकबंधूंनी वर्गात कागदाची पट्टी ओठाखाली धरून तिच्यावरून फुंकर मारून दाखवावी. पट्टी वर उचलली जाते. दाबाचा खेळ मुलांना लगेच कळेल.

कापसाच्या दिवसांत जाळीत अडकलेले तंतू नि धूळ काढत जा. लांबच्या दौडीनंतर इंजिन एक-दोन मिनिटे संथ चालू द्या, मग बंद करा. नाहीतर टर्बोच्या आसाजवळचे तेल जळते. काटा तांबड्या खुणेवर गेला, तर मात्र गाडी ताबडतोब थांबवा. आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. गाडी पुन्हा दुरुस्त होते. वाफेने गेलेला डोळा परत येत नाही.