क्षमापनेचे एक कार्ड
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



भारतात पोस्टकार्ड सुरू झाले १ जुलै १८७९ रोजी. किंमत अवघा पाव आणा. व्यापारानिमित्त गावोगावी विखुरलेल्या जैन समाजाने ते आपलेसे केले. पुणे–सोलापूर लोहमार्गावरील भिगवणसारख्या गावी मालाचे भाव, सोयरीक, खुशाली यांसाठी कार्ड हेच साधन होते. आणि संवत्सरीनंतर त्याच कार्डावर ‘मिच्छामि दुक्कडम्’ उमटे.

ही परंपरा टपालखात्याहून कितीतरी जुनी आहे. पर्युषणानंतर श्रीसंघ दूरच्या आचार्यांना क्षमापना व चातुर्मासाची विनंती करणारी विज्ञप्तिपत्रे पाठवीत असे. आग्र्याच्या संघाने १६१० मध्ये विजयसेनसूरींना पाठविलेले, शालिवाहन या चित्रकाराने रंगविलेले विज्ञप्तिपत्र प्रसिद्ध आहे. जहांगीर बादशहाने पर्युषणात जीवहत्या थांबविण्याचे फर्मान काढले, तो प्रसंग त्यात चित्रित आहे.

आज एका स्पर्शाने शेकडो जणांना क्षमासंदेश जातो. परदेशी असलेल्या मुलापर्यंत तो क्षणात पोहोचतो, हे मोठे सुख आहे. परंतु सर्वांना एकदम पाठविलेला संदेश नेमका कोणाची क्षमा मागतो? दोष पोस्टकार्डाच्या काळातही होता. छापील मजकुरावर शिक्का मारून गठ्ठ्याने कार्डे रवाना होतच होती. म्हणजे पुण्य कागदात नाही.

तरीही हाताने लिहावयाच्या कार्डाला एक गुण आहे. त्यावर एकाच व्यक्तीचे नाव व पत्ता लिहावा लागतो. नातलगांची नावे भराभर लिहून होतात. पण वाटणीवरून अबोला धरलेल्या भावाचे, हिशेबावरून दुरावलेल्या भागीदाराचे नाव आले की लेखणी थबकते. ते थबकणे हेच खरे प्रतिक्रमण! शिवाय कार्ड उघडे असते. पोस्टमन वाचील, सूनबाई वाचील. चारचौघांच्या नजरेखालून जाणारी क्षमायाचना अहंकाराला सहज सोसवत नाही.

‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणजे माझे दुष्कृत मिथ्या होवो. हे शब्द ज्याच्याविषयी दुष्कृत घडले, त्याच्यापर्यंत पोहोचले पाहिजेत. म्हणून संवत्सरी असो वा दिगंबर बांधवांची क्षमावाणी, संदेश सर्वांना अवश्य पाठवावेत. मात्र एक कार्ड निराळे ठेवावे. ज्या नावापाशी हात अडखळेल, त्याच नावाने ते टपालपेटीत पडावे.

जय जिनेंद्र!